चित्रातली अक्का

गिंडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा तो जुन्या बंदराच्या नव्या रूपाची चित्रं बनवायचा. बोलायचा तंजावरी मराठी, मध्येमध्ये तमिळमधलं "सरी ना?", म्हणजे बरोबर ना, विचारत. चित्रातली गर्दी हौसेनं निवडायचा: पळणाऱ्या मुली, आइस्क्रीम खाणारी कुटुंबं, गुबगुबीत कुत्रा. "बंदर जिवंत दिसायला पाहिजे, सरी ना?"

बंदरावरच्या सभेत चित्र दाखवलं, तेव्हा तिथं मासे विकणाऱ्या एका अक्कानं विचारलं, "यात आम्ही कुठं?"

त्यानं लगेच तिचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तिला चित्रातल्या बाकावर बसवलं, हातात कॉफी देऊन.

"तिची माशांची टोपली कुठंय?" मी विचारलं.

"पुसली. अक्का आता तिथं फिरायला येणार की!" तो मनापासून म्हणाला.

साहेबांना चित्र इतकं आवडलं, की बंदराचं नवं काम पूर्ण झाल्यावर तेच बंदराच्या फाटकावर लागलं. त्याच्याखाली, फाटकाबाहेर, अक्का मासे विकते.