पश्चिमेची भिंत

विठोजी मेस्त्रींनी चाळीस वर्षं बसवनगुडी-जयनगरात लोकांची घरं बांधली. स्वतः मात्र पत्र्याखालीच राहिले. तो पत्रा एप्रिलात भाजायचा, डिसेंबरात पहाटे गारठायचा. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी आपलं दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं, तोवर अंगातली रग सरली होती.

मुलगी हर्षिता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली. "अण्णा, फरशीखाली गरम होणाऱ्या तारा घालू. थंडीत आईचे गुडघे आखडतात."

"इथं थंडी ती किती? दोन महिने. आणि उन्हाळ्याचं काय?"

"मग आधी ऊन आत येणं, ऊब बाहेर जाणं थांबवू या. छतावर उष्णता अडवणारा थर, आणि पश्चिमेला मातीच्या पोकळ विटा."

छताचं विठोजींना पटलं. पश्चिमेची भिंत मात्र सिमेंटच्या ब्लॉकांनी कधीच उभी झाली होती, त्यांच्याच हातची. "राहू दे गं. स्वल्प तापेल. मला आता होत नाही."

चार दिवसांनी दुपारी हर्षिताची आई कस्तुराबाई नवं घर बघायला आल्या. निजायच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि चटका बसून लगेच पुढं सरकल्या. "सरी, ठीक आहे हो," नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "मला सवय आहे."

ते बोलणं विठोजींना रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी त्यांनी घण उचलला. छताचा भार खांबांवर होता, भिंत गेली तरी धोका नव्हता. दोन दिवस ते ती फोडत होते. खांदा सुजला. कस्तुराबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा ते ढिगाऱ्यावरच बसले होते.

"अहो, कशाला हे? किती दमलात!"

"दमलोच आहे. उद्याही दमणारच. त्यातच हेही उरकू दे."

पोकळ विटांची भिंत चढली. छतावर थर पडला, त्यावर पांढरी फरशी, कडेला पाण्याचा सोलर. आईला गरम पाणी मिळणार म्हटल्यावर तारांचा हट्ट हर्षितानंच सोडला.

डिसेंबरात ते राहायला गेले. आदल्या दिवशीच्या उन्हाची ऊब खोलीत पहाटेपर्यंत टिकली होती. जन्मभर पाचला उठणारे विठोजी आठ वाजले तरी निजलेलेच होते. हर्षिताचा फोन आला.

"अण्णा कुठायत?"

"निजलेत," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर आल्या. "मी नाही उठवणार."