करंजी घाट, दोन वेळा

लग्न झालं की बायकांनी सायकल सोडावी, असं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पण सावेडीतल्या घरातून मी भिंगारच्या शाळेत शिकवायला सायकलवर निघाले की सासूबाई दारात येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघून घ्यायच्या. कोण कोण बघतंय, याची त्यांना काळजी. त्यांना मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर हातात स्टिअरिंग नाही म्हणून त्यांना करमेना. मग त्यांनी फिरत्या दवाखान्याची एक जुनी मॅटाडोर विकत घेतली. आत झोपायला फळ्या बसवल्या, स्टोव्हसाठी पत्र्याचा कप्पा केला, माठ हलू नये म्हणून लोखंडी कडं जोडलं. खिडक्यांना आत्यांच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लागले. बाजूवरचा लाल क्रॉस मात्र कितीही घासला तरी पुरता गेला नाही.

त्या वर्षांत रविवारी सकाळी आम्ही तिघं सायकली काढायचो. मी, माझा नवरा, आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, ज्याची गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. बेकरीवाला आत्यांना खाला म्हणायचा आणि मला वहिनी. शाळेच्या परीक्षा संपल्यावर त्या एप्रिलमध्ये आम्ही ठरवलं, नगरहून पाथर्डीमार्गे मोहट्याला जायचं, देवीच्या डोंगराखाली मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. जाताना करंजी घाट उतारावर लागतो. येताना तोच चढायचा. मामा गाडी घेऊन मागून येणार होते. आत्यांना कुणी विचारलंच नव्हतं, पण आदल्या दिवशी त्या स्वतःच भाकरीचं पीठ बांधायला बसल्या.

"तुमी उन्हात मरनार, आन् मी घरी बसून काय करू? मी पन येनार हाय."

जाताना मजेत गेलो. मुक्कामही छान झाला. सकाळी उजाडायच्या आत निघून ऊन तापण्याआधी घाट चढायचा, असा बेत होता. पण उठून बघतो तर मॅटाडोरपाशी दर्शनाला आलेल्या बायकांची ही रांग! तो पुसट क्रॉस त्यांनी पाहिला होता.

"डाक्टर कवा यायचे हायेत?" एका म्हातारीनं विचारलं.

"डाक्टर न्हाईत बाई," आत्या म्हणाल्या, "पर गुडघा दुखत आसंल तर बस. बाम हाय माझ्याकडं."

एकीला बाम लावला म्हणताना दुसरी बसली, मग तिसरी. आत्यांना तिथून उठवायची हिंमत मामांचीही झाली नाही. बामची डबी संपली तेव्हा कुठं आम्ही निघालो, आणि तिसगाव मागं टाकेपर्यंत ऊन चांगलंच भाजायला लागलं होतं.

करंजी गावातून घाटाकडं वळलो तेव्हा माझी सावली पायाखाली आली होती. डोंगर पिवळा, गवत वाळून काड्या झालेलं. डांबर वितळून टायर त्याला चिकटत होते, सोडताना चर्रचर्र आवाज यायचा. माझ्या सायकलला गिअर नव्हते. पायडलवर उभी राहून मी एकेक पाय दाबत होते. पहिल्याच मोठ्या वळणावर नवऱ्याच्या पोटरीत गोळा आला. तो सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसला, चेहरा पांढराफटक. मागून मॅटाडोर आली, मामांनी त्याची सायकल टपावर चढवली आणि त्याला आत घेतलं.

"तूही बस आता," नवरा म्हणाला.

"वर भेटू," मी म्हणाले. त्यापेक्षा लांब वाक्य बोलायला छातीत वारा नव्हता.

बेकरीवाला माझ्यापुढं थोडाच होता. तो मागं न बघता ओरडायचा, "वहिनी, ते लिंबाचं झाड दिसतंय ना, तिथपर्यंत!" झाड आलं की पुढचा दगड, दगड आला की पुढचं वळण. तोंडात थुंकी राहिली नव्हती. डोळ्यांत घाम गेला तरी हँडल सोडून पुसायची भीती वाटत होती. मग एका वळणानंतर पायडल अचानक हलकं झालं. मला आधी वाटलं, चेन पडली. चेन पडली नव्हती. घाट संपला होता.

वर चहाचं एक छपराचं हॉटेल होतं. आम्ही दोघांनी डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि मॅटाडोरची वाट बघत बसलो. गाडी येईना. इतक्यात खालून कांद्याचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "ती दवाखान्याची गाडी तुमची हाय का? मधल्या वळनावर हुबी हाय. बॉनेटमदून वाफा निघत्यात. पानी मागत हुते, पर माझ्याकडं घोटभरच हुतं, दिलं त्येवढं."

सकाळी बाम लावून घ्यायला आलेल्या बायकांनी हातपाय धुवून माठ रिकामा केला होता, तो भरायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. आम्ही हॉटेलवाल्याकडून दोन कॅन भरून घेतले. बेकरीवाल्याला कॅरिअरवर पावाच्या पाट्या बांधायची सवय होती, त्यानं मोठा कॅन स्वतःकडं घेतला आणि धाकटा माझ्या कॅरिअरला करकचून बांधला. जो घाट इंचाइंचानं चढले, तो ब्रेक दाबत दाबत भर्रकन उतरले. वारा गरम होता, तरी अंगाला बरा वाटत होता.

वळणावर मॅटाडोरच्या इवल्याशा सावलीत तिघं बसले होते. आत्यांचे ओठ सुकले होते. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"वरपोत्तर गेल्ती तू? समदा चढून?"

"गेले होते."

"आन् आमच्यासाटी परत खाली आली?"

मी मान डोलावली. ओल्या पदरानं त्यांनी माझा चेहरा पुसला, कान आणि मानसुद्धा, लेकराचं पुसावं तसं.

इंजिन निवल्यावर मामांनी रेडिएटरमध्ये सावकाश पाणी घातलं. गाडी एका दमात सुरू झाली. "सायकली टपावर टाका, बसा समदे," ते म्हणाले.

मी टायर दाबून बघितला, सायकल रस्त्यावर घेतली आणि टांग मारली. मगाशी घाट मला हरवेल अशी धास्ती होती. आता त्याचं प्रत्येक वळण ओळखीचं झालं होतं. बेकरीवाला हसत माझ्या मागं आला. आणि मग टपावरून सायकल उतरवल्याचा आवाज आला. नवरा लंगडत लंगडत सीटवर बसत होता.

"अरं, पाय!" मामा ओरडले.

"राहू द्या पाय!" तो म्हणाला.

तिघं एका रांगेत चढत होतो. मामांनी गाडी पुढं काढली नाही. तीस वर्षं याच घाटात एसटी हाकलेला माणूस पहिल्या गिअरमध्ये आमच्या मागं चालत राहिला. आणि एकाएकी मागून ठणठण आवाज सुरू झाला. आत्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, एका हातात परात, दुसऱ्या हातात उलथनं.

"चल गं सूनबाई! थांबू नगं! लई थोडं राह्यलंय!"

वरून येणारा वऱ्हाडाचा टेम्पो आमच्या बाजूला हळू झाला. आतल्या पोरींनी विचारलं, "काय हाय ओ आजी?"

"माझी सून हाय!" आत्यांनी परात आणखी जोरात वाजवली. "दुसऱ्यांदा चढतीया!"

सगळा टेम्पो टाळ्या वाजवायला लागला. मी हसले, आणि हसताना दम तुटतो म्हणून दात आवळले. माथ्यावर पोचलो तेव्हा नवऱ्यानं सायकलसकट जमिनीवर लोळण घेतली आणि बेकरीवाल्यानं दोन्ही हात आभाळाकडं उचलले. हॉटेलवाल्यानं आमच्यासाठी कलिंगड कापून ठेवलं होतं. आत्यांनी पहिली फोड उचलली आणि मला दिली.

तिथून नगरकडं रस्ता सोपा होता. चांदबीबीच्या महालाखालून उतरताना समोर गाव संध्याकाळच्या धुळीत पसरलेलं दिसलं. मी पायडल मारायचं थांबवलं आणि सायकलला आपलीआपण धावू दिलं.