सत्तर किलोतला भाऊ

आमच्या लाँड्रीत ताई ड्रायरवर आणि मी इस्त्रीच्या रोलरवर. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्या गावाचा मळ आमच्याकडे येतो. ताई माझ्याहून कितीतरी लहान, पण मीसुद्धा तिला ताईच म्हणते, कारण तिचा भाऊ म्हणतो आणि त्याचं ऐकून आख्खी लाँड्री म्हणते. भाऊ चॅंपियन. आमच्या सुपरवायझरनं टेबलामागे फोटो लावलाय, त्यात चॅंपियनचा पट्टा भावाच्या खांद्यावर आहे आणि मधे सुपरवायझर असा घुसलाय की जणू यानंच जिंकून आणला.

भावाला ताई काडी म्हणायची. बाप आधीच नव्हता आणि आई गेली तेव्हा पोरगं म्हणजे नुसता हाडांचा सापळा होतं. हिनं त्याला भरवून भरवून माणसात आणलं. हिला स्थळं आली, चांगली आली, पण काडीकडे कोण बघणार म्हणून हिनं एकेक परतवलं. पुढे तो त्या पिंजऱ्यातल्या लढतींत उतरला. त्यात कुस्ती चालते, ठोसे चालतात, लाथा चालतात. मला विचाराल तर शहाण्या माणसानं बघूसुद्धा नये, पण मला विचारतो कोण? तो सत्तर किलोच्या गटात चॅंपियन झाला. खांदे दारातून सरळ आत येईनासे झाले, तरी ताईच्या लेखी काडी तो काडीच.

आता यातली मेख सांगते. लढतीच्या आदल्या दिवशी वजन करतात. काटा सत्तरच्या पुढे गेला की पट्टा गेला. एकदा काट्यावरून उतरलं की मग हवं तेवढं ढोसा, कुणी विचारत नाही. काडी एरवी ऐंशीच्या पुढचा गडी. म्हणजे प्रत्येक लढतीआधी त्याला आटवून सत्तरवर आणायचा आणि हे काम ताईचं. आधी पोळी-भात बंद, मग मीठ बंद, शेवटी पाणी बंद. ज्या हातांनी भरवलं त्याच हातांनी उपाशी ठेवायचं! उरलेलं वजन आमच्या लाँड्रीत उतरायचं. ड्रायरमधून काढलेल्या कढत चादरी ती त्याला गळ्यापासून टाचेपर्यंत गुंडाळायची आणि मशीनच्या तोंडाशी बसवायची. घामानं चादर भिजली की दुसरी. मी गमतीनं म्हणायचे, आमच्याकडे माणूससुद्धा धुऊन मिळतो. सगळे हसायचे. काडीही हसायचा, तेवढं त्राण असलं तर.

तिशी आली तशी त्याची हाडं भरली आणि वजन हटून बसलं. मागच्या लढतीनंतर त्याला लघवी काळ्या चहासारखी झाली. ताई म्हणाली, पाणी कमी पडलं असेल. त्याचा कोच म्हणाला, होतं असं. तेव्हापासून एकच विषय सुरू झाला, की यानं वरच्या गटात, सत्त्याहत्तर किलोत जावं की नाही. चहाच्या टपरीवर ज्यांना जिना चढताना धाप लागते तेही मत देत होते. कोचचं मत ठरलेलं: राहायचं. वर जायचं तर पट्टा इथेच सोडावा लागणार आणि त्याच्या जिमच्या पाटीवर चॅंपियनचा हा मोठा फोटो होता. पाटी कोण बदलणार?

एका दुपारी आम्ही डबे उघडत होतो आणि काडी आला. ताईच्या समोर उलट्या बादलीवर बसला.

"ताई, मी सत्त्याहत्तरमध्ये जाऊ का?"

"कोच काय म्हणतो?"

"कोचचं सोड. तू सांग."

"तिथले गडी बघितलेस का? एकेकाची मान तुझ्या मांडीएवढी. मोडून ठेवतील तुला."

"भूक लागते गं मला," तो म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज शाळेतल्या पोराचा. "लढतीचं काही सुचतच नाही. नुसतं जेवण दिसतं."

"इतकी वर्षं मी उतरवलंच ना? माझ्या हातून कधी काटा चुकलाय?"

मला राहवलं नाही. "अगं, जेवू दे की त्याला पोटभर. काय बिघडणार आहे?"

"मावशी, तुम्ही तुमचा रोलर बघा," ती म्हणाली. असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

काडी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरं. सत्तर तर सत्तर."

वजनाच्या दिवशी दुपारी लाँड्री बंद होती, आम्ही तिघंच. चादरीमागून चादर चढत होती आणि काडीचा घाम काही निघेना. मग घाम पार थांबलाच. आमच्या धंद्यात कापड वाळलं की नाही ते मशीनचं घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. ताईनं उलटा हात त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ तापलेली आणि ठणठणीत कोरडी. तिचा चेहरा खुलला. "झालं, मावशी! निघालं सगळं पाणी. वाळला."

माणूस तापलेला असताना घाम थांबला तर तो वाळलेला नसतो, त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं असतं, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं. लाँड्रीत जन्म काढलेल्या बाईला हे कुठून सुचणार? कोरडं निघालं की काम फत्ते, एवढंच आम्हाला शिकवलेलं. कोचला मात्र सुचायला हवं होतं. तो गाडी घेऊन आला, काडीचे हात-पाय गार पडलेले बघितले आणि म्हणाला, "चला, चला, वेळ झाली."

तिथे कोच आणि ताई, दोघांनी बगलेत हात घालून त्याला काट्यावर चढवला. काटा बरोबर सत्तरवर थांबला. टाळ्या पडल्या, कोचनं त्याचा हात धरून वर केला आणि ताई आनंदानं रडली. संध्याकाळी पाण्याचा घोटही त्याच्या पोटात ठरेना. लढत झालीच नाही. महिनाभरात डॉक्टरनं सांगून टाकलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. पट्टा दुसऱ्या कुणाला मिळाला आणि जिमची पाटी, जी बदलणं अशक्य होतं, ती एका दिवसात बदलली.

आता तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर असतो. ते झालं की लाँड्रीत येतो आणि ताईची पाळी संपेपर्यंत अभ्र्यांच्या घड्या घालत बसतो. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. पाणी दिवसाला ठरलेलंच प्यायचं आणि तेही ताईच मोजून देते. मला बघवत नाही.

गेल्या आठवड्यात कोच आला. लाज नावाची चीज त्याच्याकडे नाहीच. बरोबर नवा गडी होता, उंच, गाल बसलेले. काडीकडे बघून कोचनं मान हलवली, जशी ओळखीच्या दुकानदाराला हलवतात.

"ताई, याचं थोडं वजन अडकलंय. तुमच्यासारखा हात कुणाला नाही."

ताईनं त्या गड्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "याला वरच्या गटात घाला."

"वा!" कोच हसला. "मग स्वतःच्या भावाला का नाही सांगितलंत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टा पट्टा करून ज्यानं पोराच्या कानाशी भुणभुण लावली त्यानं हे विचारावं? पण मेल्याचा प्रश्न खरा होता. मलाही तो कितीदा विचारावासा वाटला होता.

"मार खाईल म्हणून ना?" मीच म्हणाले. तिला वाट काढून देत होते.

"नाही, मावशी." ताई ड्रायरच्या दाराला धरून उभी होती. "तसं मी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, हा वर गेला तर याला उतरवायला नको. मग माझं काय काम? वर्षातून दोन-तीनदा तरी तो माझ्या हातात असायचा. मला ते सोडवलं नाही."

कोचनं आपल्या गड्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन बाहेर पडला. काडीनं हातातल्या अभ्र्याची घडी पुरी केली.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "त्या दुपारी तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं. म्हणून तर बरं म्हटलं."

ताई दोन पावलं पुढे गेली आणि तिनं त्याच्या फाडकन थोबाडीत दिली. लहानपणापासून कधी बोट लावलं नव्हतं. त्यानं हात वर केला नाही की तोंड फिरवलं नाही, नुसता बसून राहिला.

मी अडवलं नाही. मला तर त्या दोघांनाही एकेक द्यावीशी वाटत होती.