खांद्यावर उरलेला हात

माझी आत्या बावीस वर्षं शिलाई मशीनवर बसली आणि पुढची अकरा वर्षं कॉम्प्युटरवर. तयार कपड्यांनी बाजार भरला, शिलाई कमी झाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यानं तिला गाठलं.

"ताई, तुमची नजर बारीक आहे. लोकांच्या तोंडावरचे डाग काढाल का?"

"पँटीवरचे काढत होते, तोंडावरचे काय अवघड?" म्हणाली आणि बसली.

शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून शिंप्याच्या अकलेनंच शिकली. मूळ फोटोला कात्री लावायची नाही, आधी नक्कल काढायची. कड धारदार ठेवायची नाही, नाहीतर माणूस भिंतीवर डिंकानं चिकटवल्यासारखा दिसतो. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह; मशीन बंद पडायला मुहूर्त बघत नाही. फोनवरून फोनवर सतरा घरं हिंडून आलेला फोटो कुणी भिंतभर करून मागितला, की ती म्हणे, "रुमालाचा सदरा होत नाही बाबा. मूळ फोटो आण."

हळूहळू अख्ख्या गल्लीचा अडलेला माऊस तिच्या दारात यायला लागला. शाळेतले चित्रकलेचे मास्तर एकदा धावत आले.

"आत्याबाई, ब्रश मारतोय पण रंगच उमटत नाही!"

"मुंग्या दिसतात का कुठे?"

"घरात?"

"स्क्रीनवर हो मास्तर! तुटक रेषेच्या, चालणाऱ्या. दिसल्या तर तुम्ही कुठलातरी तुकडा निवडून ठेवलाय. ब्रश तेवढ्यातच चालणार, बाहेर नाही. निवड सोडा, कंट्रोल आणि डी."

"आणि ब्रशचा गोल जाऊन बारीक फुली आली तर?"

"कॅप्स लॉक दाबलं गेलंय. तो मेला सगळ्यांना छळतो."

एके दिवशी सकाळी कुलूपवाला आला. गल्लीतली जुनी किल्ल्यांची टपरी त्याची. धाकट्या भावानं महिन्यापूर्वी बरोबर समोर स्वतःची टपरी टाकली होती आणि तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पाठ करून किल्ल्या घासत होते. त्यांच्या आईला ऐंशी पूर्ण होत होती. पाच वाजता सभागृहात कार्यक्रम, तिथं लावायला मोठा फोटो हवा होता.

फोटोत आई खुर्चीवर, एका बाजूला हा आणि बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा, आईच्या खांद्यावर हात ठेवून.

"याला काढून टाक," कुलूपवाला म्हणाला.

"आईला विचारलंस?"

"आई माझ्याकडे राहते."

आत्यानं मान हलवली. काम ते काम. खालच्या लेयरवर, म्हणजे फोटोच्या खालच्या थरावर, शेजारची भिंत पसरली आणि वरच्या लेयरवर धाकट्याला मास्कखाली झाकलं. तिचा नियमच होता: माणूस पुसायचा नाही. पुसला की गेला. मास्कवर काळा ब्रश फिरवला की माणूस झाकला जातो, पांढरा फिरवला की परत उघडतो. कापण्यापेक्षा दुमडलेलं बरं.

दुपारी चारला म्हातारी स्वतःच काठी टेकत स्टुडिओत आली. मागे कुलूपवाला, "आई, थांब ना," करत.

"माझा फोटो, आणि मलाच शेवटी दाखवणार?" म्हणत ती स्क्रीनजवळ वाकली. बघत राहिली. मग बोट टेकवलं. "हा हात कुणाचा गं?"

आत्यानं कपाळावर हात मारला. माणूस झाकला, पण खांद्यावरची चार बोटं तशीच!

"काढ, काढ!" कुलूपवाला ओरडला.

हाताखाली खांदा कुठं होता? आत्यानं दुसरा खांदा उलटा करून इथं बसवला. म्हातारीला कुबड आलं. मग कानातलं खांद्यावर लोंबायला लागलं, म्हणून तेवढा भाग निवडून आत्या ते वर सरकवू लागली.

म्हातारी खुदुखुदु हसत होती. "ऐंशी वर्षं माणूस होते, एका दुपारी उंट केलंस!"

मग हसू थांबवून ती स्टुलावर बसली. "हे बघ. तो हात माझ्या खांद्यावर आहे. हाताचा मालक परत आणा, नाहीतर मलाही काढा. रिकामी खुर्ची लावा आणि तिच्यासमोर भाषणं करा. मी सभागृहात येत नाही."

"आई, पाहुणे येतील!"

"मग खुर्चीला भेटतील."

कुलूपवाल्यानं घड्याळ बघितलं. सव्वाचार. आत्याकडे वळला, तेव्हा तोंड पडलं होतं. "तू त्याला... डिलीट केलंस?"

"दुमडलाय," आत्या म्हणाली. उंटाचा लेयर बंद केला, मास्क निवडला, पांढरा ब्रश घेतला आणि फिरवला.

काही नाही. पुन्हा फिरवला. भिंत ती भिंतच.

"लेयर बरोबर आहे. मास्कच निवडलाय. रंग पांढरा आहे. ब्रशही फिका नाही." आत्या पुटपुटत एकेक तपासत होती.

"लेयरला कुलूप असेल," कुलूपवाला म्हणाला.

"असतं तर तुलाच सांगितलं नसतं का!"

म्हातारी पुन्हा स्क्रीनला नाक लावून बसली होती. "अगं, माझ्या कानाभोवती मुंग्या का फिरतायत?"

आत्या लाजली. अख्ख्या गल्लीला शिकवलेली गोष्ट! कंट्रोल आणि डी दाबलं, ब्रश फिरवला, आणि भिंतीतून धाकट्याचं कोपर बाहेर आलं.

"डोकं आण आधी, डोकं!" कुलूपवाला म्हणाला.

"तूच आण." आत्यानं माऊस त्याच्या हातात दिला.

किल्ली घासताना बसतो तसा तो जीभ दातात धरून बसला. केस आले, कपाळ आलं, एक डोळा आला. "बघतोय कसा माझ्याकडे," म्हणाला आणि दुसराही उघडला. मग थांबला. "आत्याबाई, नाक वाकडं झालं बहुतेक."

"ते वाकडंच आहे," म्हातारी म्हणाली. "तूच मोडलंस, तो सात वर्षांचा असताना."

कुलूपवाला असा हसला की माऊस घसरला आणि धाकटा अर्धा आईच्या मागे, अर्धा भिंतीत गेला. आत्यानं कंट्रोल झेड दाबून ते मागं फिरवलं. पावणेपाचला फोटो छापून बाहेर पडला. कुलूपवाल्यानं तो काखोटीला मारला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या टपरीवर थाप मारली. "चल रे. आई वाट बघतेय. दुसरं टोक धर."

सभागृहात फोटो टांगला. सगळे वाहवा करत होते. धाकटा जवळ गेला, लांब झाला, पुन्हा जवळ गेला.

"दादा," तो म्हणाला, "माझा डावा बूट कुठाय?"

छापण्याआधी फोटो लहान करून एकदा अख्खा बघावा, हे आत्या तेव्हापासून सगळ्यांना आधी सांगते. तिनं बूट उघडून दुसरा फोटो द्यायची तयारीही दाखवली. म्हातारीनं घेतला नाही. आता शेजारी शेजारी आलेल्या दोन्ही टपऱ्यांच्या मधल्या भिंतीवर आज तोच फोटो आहे, आणि गिऱ्हाईक किल्ली होईस्तोवर उभ्या उभ्या बूट शोधतं.