डॉक्टरांच्या रायफलीचा दस्ता

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, तेव्हा घरात माझ्या आधी रायफल आली होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. आमचे हे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या नाड्या बघायच्या आणि संध्याकाळी त्या रायफलीची नळी पुसत बसायचं, हा त्यांचा नेम. मी चहा घेऊन उभी राहिले तरी आधी फडका खाली ठेवला जाई आणि मग कप हातात घेतला जाई.

पुण्याच्या क्लबात वर्षातून एकदा नऊशे यार्डांवरच्या निशाणाची स्पर्धा होत असे. डॉक्टर तीन वर्षं ओळीनं शेवटून पहिले आले होते. सरावासाठी आम्ही रविवारी कान्ह्याच्या पुढच्या माळावर जायचो. समोर डोंगर, त्याच्या पायथ्याशी निशाणाची फळी, आणि तिच्याखाली खोल चरात आमचा कंपाउंडर. गोळी फळीवर लागली की तो काठीवरची पांढरी थाळी वर करून गोळी लागलेल्या जागी धरायचा. मी डॉक्टरांच्या शेजारी पालथी पडून दुर्बिणीतून गवत बघायची आणि वारा कुठून आहे ते सांगायची. ते "हं" म्हणायचे आणि स्वतःच्या मनानं नेम धरायचे. थाळी क्वचितच वर येई.

मला एकदा तरी तो बार स्वतः काढायचा होता. विचारलंही होतं. "खांदा निखळेल तुझा," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी वैद्यकीय सल्ला म्हणून ऐकून घेतलं, पण राग मनात राहिला.

त्या वर्षी रायफलीचा लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला. डॉक्टरांना आनंदच झाला, कारण आता तीन वर्षांचा दोष दस्त्यावर टाकता येणार होता. त्यांनी विलायती कॅटलॉगातली तीन चित्रं कापून टेबलावर मांडली. एका दस्त्याची मान सरळ, दुसऱ्याला पिस्तुलासारखी मूठ आणि गाल टेकायला उंचवटा. तिसरा उताणं झोपून, गुडघ्यांवर नळी टेकवून बार काढणाऱ्यांसाठी. आठवडाभर डॉक्टर व्हरांड्यात उताणे पडून छत्रीनं नेम धरत होते. खोकल्याच्या औषधाला आलेला एक म्हातारा ते बघून दारातूनच परत गेला. यंदाही शेवटचा नंबर आला तर रायफल विकून टाकीन, असं त्यांनी जाहीर केलं. विकली की माझा बार कायमचा राहिला.

दस्ता करायला टाकव्याचे सुतार आबा ठरले. मावळात त्यांच्या हातच्या नांगराला तोड नव्हती. ते माप घ्यायला आले त्याच सकाळी डॉक्टरांना एका अडलेल्या बाळंतिणीसाठी तातडीनं जावं लागलं. जाताना टेबलाकडे बोट दाखवून, चित्रं आबांना दाखव, एवढं सांगून ते टांग्यात बसले.

आबांनी तिसरं चित्र हातात घेऊन हा माणूस आजारी आहे का, असं विचारलं. मग तिन्ही बाजूला सारली.

"नांगराचं रुमणं आमी धरनाऱ्याच्या हातावरनं करतो," ते म्हणाले. "ही धरनार कोन?"

संध्याकाळी या, डॉक्टर येतील, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मीच."

आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरी कुऱ्हाड बायकाच चालवत. परसात सतरंजी टाकून मी पदर खोचला आणि पालथी पडले. त्यांनी मोडकी रायफल माझ्या हातात दिली, डोळे मिटून गाल टेकवायला लावला, मग डोळे उघडून नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसते का ते विचारलं. दिसत नव्हती. गालाखाली किती बोटं लाकूड हवं ते त्यांनी मोजलं, कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरून गाठी मारल्या. सरळ मान माझ्या मनगटाला जड जाईल, मूठ वाकडी आणि बारीक हवी, गाल उंच हवा, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे दुसऱ्या चित्रातलाच दस्ता, फक्त माझा.

दिवाळीनंतर दस्ता तयार झाला. काळसर शिसवाचा, हात फिरवला की फिरवतच राहावा असा. आपलं काम बघायला आबाही माळावर आले. डॉक्टर मोठ्या रुबाबात पालथे पडले. पहिल्याच बाराला त्यांचाच अंगठा त्यांच्या नाकावर आदळला. दुसऱ्यालाही तेच. थाळी वर आली नाही. डॉक्टर नाक धरून उठले आणि नांगर करणाऱ्याला यातलं काय कळणार, असं आबांच्या तोंडावर बोलले.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी कनवटीची गाठींची सुतळी काढली आणि डॉक्टरांच्या हाताला लावली. चार बोटं कमी पडली. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि सुतळी मुठीत मिटून घेतली.

"चुकलं आसंल माज्याकडनं," ते म्हणाले.

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नाही. मी म्हणाले, "आबांचं काही चुकलं नाही. माप माझं आहे. मीच खोटं सांगितलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली. पण ते सुजलं नाक चोळता चोळता हसायला लागले, आणि हसू आवरेना म्हणून खालीच बसले. आधी त्यांनी आबांची माफी मागितली. मग सतरंजीवरून सरकले आणि माझी दुर्बीण उचलली.

मी गाल टेकवला. माशी अगदी समोर होती. उजवीकडून वारा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गवत तर डावीकडून उजवीकडे झुकत होतं. मी "हं" म्हटलं आणि गवताचं ऐकलं.

बार झाला. खांद्याला चांगला दणका बसला. मग चरातून काठी निघाली आणि पांढरी थाळी फळीच्या काळ्या भागावर, जवळजवळ मधोमध येऊन थांबली. आबा हात जोडून हसत होते. मला तर उठून नाचावंसं वाटलं.

डॉक्टर बराच वेळ दुर्बिणीतून बघत होते. डोळा न काढता ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं तू वारा बरोबर सांगत होतीस."

"हो," मी म्हणाले आणि दुसरी गोळी भरली. खांदा शाबूत होता.