कोंडबाचा आकडा

पाखरं मोजताना कोंडबा कुणालाही उत्तर देत नसे. साहेबांनी काही विचारलं तरी तो नुसता हात वर करी. साहेब, आम्हा कारकुनांवर डाफरणारे आमचे जंगलखात्याचे साहेब, गुमान थांबत.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मी मुधोळच्या कचेरीत कारकून होतो, कोंडबा गवताळ रानाचा राखणदार. आश्विनात उत्तरेकडून भोवत्या येत. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी दिवसभर गवताच्या अगदी लगत उडत आणि सांज झाली की तिथेच मुक्कामाला उतरत. आदिलाबादहून दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांना या पाखरांच्या मोजणीचा नाद होता. कोंडबा आकडा सांगे, मी तो उर्दूत कागदावर उतरवी.

"उतरला तो धरायचा. पुन्हा उठला तो वजा," तो म्हणे. "घाई केली की एक पाखरू दोनदा येते."

साहेबांनी त्याला स्वतःची दुर्बीण वापरायला दिली. मग एके दिवशी म्हणाले, याला मी माझ्या आदिलाबादच्या कचेरीत नेणार. त्या कचेरीत बदली मिळावी म्हणून मी नऊ वर्षं अर्ज करत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या मोजणीला साहेब स्वतः रानाच्या पलीकडच्या अंगाला बसले. हे मला ठाऊक होतं, कोंडबाला नव्हतं. त्यानं एकेचाळीस सांगितले. मी एकसष्ट लिहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. "हमने इकतालीस गिने. तुमने इकसठ?"

कोंडबाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दौत पुसत होतो.

"माझीच जीभ घसरली असंल, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी दुर्बीण परत घेतली. महिन्याभरात आदिलाबादचा हुकूम माझ्या नावानं निघाला.

निघताना तो माझी पेटी गाडीत ठेवायला आला. मला राहवलं नाही. "काऊन नाही सांगितलंस?"

"तुमी किती सालापासून मागून राह्यले होते," तो म्हणाला. "मले तर हे गवत सोडाचंच नव्हतं." मग पेटी आत सरकवत, "दुर्बिणीचं तेवढं वाईट वाटलं. पाखरायचे डोळे दिसत होते तिच्यातून. पिवळेधमक."

गाडीत बसलो तरी मला त्याचा हेवाच वाटत होता.

आदिलाबादला साहेबांची रोज गाठ पडायची. खरा आकडा सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिलो, आणि एक दिवस साहेबांचीच बदली झाली.