देवाजीच्या नावावरची चूक

घंटागाडीवर रोज वाजणारं स्वच्छतेचं गाणं त्या सकाळी बंद होतं. मी कचऱ्याचा डबा घेऊन फाटकात उभा होतो. ड्रायव्हर खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "बाबू, देवाजीभाऊ गेले पहाटे. म्हणून गाणं नाई लावलं." देवाजी म्हणजे आमच्या नगर पंचायतीचा वॉलमन, तीस वर्षं गावाला पाणी सोडणारा. मी त्याच ऑफिसातला मोठा बाबू, आता निवृत्त. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. माझ्या मनात आलं, मी गेल्यावर हे लोक गाणं बंद ठेवतील का?... तेव्हा आधीच कबूल करून टाकतो. मी देवाजीवर आयुष्यभर जळलो.

वडशाहून बसने तासाभरावर आमचं गाव. धानाच्या बांध्या, दोन राइस मिली आणि पाठीला जंगल. ग्रामपंचायतीत आम्ही एकाच वर्षी लागलो. तो सातवी, मी बी.ए. ठराव, दाखले, जन्ममृत्यूची नोंद, सगळं माझ्या अक्षरात. पण माणसं दारात उभी राहून विचारायची, "देवाजी कुठी हाये?" नळ आला नाही तरी देवाजी, घरात साप निघाला तरी देवाजी, पोरीच्या लग्नाचा मांडव कुठे घालायचा हेही देवाजीलाच. हिवाळ्यात वडशाची नाटक मंडळी यायची. पुढच्या खुर्च्या पदाधिकाऱ्यांच्या. एका वर्षी सरपंचांनी स्वतः उठून देवाजीला हाताला धरून पुढे नेलं. मी तिसऱ्या रांगेतून त्याचं डोकं बघत बसलो. नाटक कोणतं होतं, ते आठवत नाही.

मग ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली. फलकावरचं 'ग्राम' पुसून 'नगर' रंगवलं, वॉर्डांचे प्रभाग झाले, मुख्याधिकारी आले. सिमेंट रस्त्यासाठी पाइपलाइनचा नकाशा हवा होता आणि तो कुठेच नव्हता. सगळे म्हणाले, देवाजीला विचारा, त्याला जमिनीखालचं सगळं पाठ आहे. मी म्हणालो, "रेकॉर्ड माझ्याकडे आहे." जुने ठराव काढून मीच नकाशा केला. देवाजीला एका शब्दाने विचारलं नाही. खाली 'माहिती देणार' अशी ओळ असते, ती मोकळी कशी ठेवायची? तिथे लिहिलं : देवाजी, वॉलमन.

शाळेजवळ खडक लागला म्हणून मुख्य लाइन पूर्वीच वळवून घेतली होती. ते कागदावर कुठेच नव्हतं, फक्त देवाजीला माहीत होतं. ऐन मे महिन्यात नकाशा बघून जेसीबी लावला आणि लाइन फुटली. पाच दिवस बाया पाण्याचे गुंड-हंडे घेऊन राइस मिलच्या बोअरवर रांगेत होत्या. मुख्याधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "देवाजी, ही माहिती तू दिली?" त्याने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हो साहेब. माह्याकडून चूक झाली."

त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांना नगर पंचायतीत कायम करून घ्यायची यादी निघत होती. त्याला नोटीस मिळाली आणि यादीत नाव आलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं काऊन केलं?" तो म्हणाला, "तुमचं नाव खराब झालं त ऑफिस कोण चालवन, बाबू? वॉल त कोणीबी फिरवते." मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. मोठेपणही यानेच घेतलं!... मी कायम झालो, पुढे निवृत्त झालो. तो अखेरपर्यंत रोजंदारीवर.

देवाजीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आठवड्याने त्याच्या घरी गेलो. शेवंताबाई, त्याची बायको, ओसरीत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने तांदूळ बाजूला सारले.

"घरी बी त्यायनं तेच सांगतलं, बाबू. माहीच चूक म्हणत. आमी त्यायलेच बोल लावत राह्यलो. पोरगी त म्हणे, बाबा, तुमच्यापायी आपण असे राह्यलो." मग म्हणाली, "तुमी इतके वर्स चूप काऊन होते?"

"जळत होतो."

"त्यायच्यावर? कायले?"

उत्तराची वाट न बघता तिने नागपूरला असलेल्या मुलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तिले सांगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, हे लिहून द्या. गावानं वाचलं पाहिजे."

म्हणून हे लिहिलं. नकाशा मी केला होता. चूक माझी होती.

आता वॉल फिरवायला नवा माणूस आहे, चांगला आहे, वेळेवर येतो. तरी सकाळी नळाची तोटी फुसफुसली की आमच्या गल्लीतल्या बाया एकमेकींना हाक मारतात, "चाल वं, देवाजीनं सोडलं." मी बादली लावतो, ऐकतो... आणि खरं सांगतो, अजूनही जळतो.